‘दुसरे काम देतो’ असे मालक म्हणतो तेव्हा
(कामगार कपात, पर्यायी नोकरी आणि आपले हक्क)

आपला मुळशी तालुका भाताच्या खाचरांसाठी जसा ओळखला जातो, तसाच तो १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहासाठीही ओळखला जातो. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून येथील शेतकरी उठले आणि सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या लढ्यातला प्रश्न एका वाक्यात सांगायचा तर असा होता : ज्याचे जाते, त्याला विचारायचे की नाही?

धरण झाले, काळ बदलला. पिरंगुटच्या बाजूला कारखाने उभे राहिले, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. आपल्या संस्थेच्या सभासदांची घरे पाहिली तर बाप कारखान्यात, मुलगा कंपनीत आणि सून एखाद्या कार्यालयात, असे चित्र आता सर्रास दिसते. शेतीची जागा नोकरीने घेतली. पण नोकरीवर गदा आली म्हणजे तोच जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. कंपनी पुनर्रचना करते, विभाग बंद करते, दुसऱ्या कंपनीत विलीन होते, आणि कामगाराच्या हातात एक पत्र पडते : ‘तुमचे सध्याचे काम संपले आहे. आम्ही तुम्हास दुसरे काम देऊ करीत आहोत.’

हे दुसरे काम म्हणजे मालकाचा उपकार, की आपला हक्क? ते नाकारले तर नुकसानभरपाई बुडते काय? स्वीकारले तर जुनी सेवा जाते काय? या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतात. आम्ही वकील नाही, बँकेतील साधे कारकून आहोत. परंतु काउंटरवर बसून माणसांच्या आयुष्यभराच्या कमाईचे चेक आम्ही जमा करून घेतो, आणि त्या चेकवरची रक्कम कधी कधी किती कमी असते हेही पाहतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन मित्र, एक पत्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच कारखान्यात, एकाच विभागात काम करणारे दोन मित्र आमच्या परिचयाचे. दोघांची सेवा बारा वर्षांच्या पुढची. एके दिवशी दोघांनाही सारखेच पत्र मिळाले. विभाग बंद होत आहे, मशीन ऑपरेटरचे पद रद्द झाले आहे; दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर पॅकिंगचे काम देण्यात येईल; तीन दिवसांत होकार कळवावा, न कळवल्यास आपण राजीनामा दिला असे समजण्यात येईल.

पहिल्या मित्राला कार्यालयात बोलावून सांगण्यात आले, ‘नवीन ठिकाणी रुजू होण्यापूर्वी इथला राजीनामा लागतो, केवळ कागदोपत्री आहे.’ त्याने सही केली. चार महिन्यांनी नव्या कंपनीने ‘काम कमी झाले’ म्हणून त्यालाही घरी बसवले. तिथे त्याची सेवा चारच महिन्यांची! जुन्या ठिकाणी तर त्याने स्वतःच राजीनामा दिलेला. आमच्या काउंटरवर तो आला तेव्हा त्याच्या हातात फक्त ग्रॅच्युइटीचा चेक होता.

दुसऱ्या मित्राने सही केली नाही. त्याने पत्राची पोच दिली, विचार करायला वेळ मागितला आणि लेखी विचारले : ‘माझी बारा वर्षांची सेवा नव्या कंपनीत धरली जाईल काय? माझा पगार व हुद्दा तोच राहील काय? उद्या तिथे कपात झाली तर भरपाई कोणत्या तारखेपासून मिळेल?’ या तीन प्रश्नांची उत्तरे देणे व्यवस्थापनाला सोपे गेले नाही. प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे गेले आणि अखेर त्याला जुनी सेवा धरून लेखी पत्र मिळाले.

दोघांच्या हुशारीत काही फरक नव्हता. फरक एका सहीचा आणि तीन प्रश्नांचा होता. हे तीन प्रश्न त्या मित्राने स्वतःच्या डोक्यातून काढले नव्हते. ते आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेले आहेत. आणि ते कायद्यात कसे आले, याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातील आहे.

बार्शी लाइट रेल्वेची हकिकत

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे व्यापाराचे गाव. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ही बार्शी लाइट रेल्वे विलायतेत नोंदलेल्या एका खासगी कंपनीची होती. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी या छोट्या गाडीतून प्रवास केला.

कंपनीचा सरकारशी करार होता. डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने नोटीस दिली की १ जानेवारी १९५४ पासून करार संपेल आणि रेल्वे सरकार ताब्यात घेईल. त्यानुसार कंपनीने ११ नोव्हेंबर १९५३ रोजी सर्व कामगारांना नोटीस दिली की तुमची सेवा ३१ डिसेंबर रोजी संपेल. त्याच नोटिशीत सांगितले होते की जे इच्छुक असतील त्यांना सरकार कामावर घेणार आहे, पण अटी नंतर कळवल्या जातील. म्हणजे नोकरी गेल्याची तारीख ठरली, आणि नव्या नोकरीच्या अटी मात्र गुलदस्त्यात! अटी कळल्या त्या डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे मुदत संपायला जेमतेम पंधरवडा उरला असता.

पुढे काय झाले, ते न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. सुमारे ७७ टक्के कामगारांना सरकारने त्याच वेतनश्रेणीत घेतले. सुमारे २३ टक्के कामगारांना काहीशा खालच्या वेतनश्रेणीत घेतले. मात्र त्यांचा प्रत्यक्ष हाती येणारा पगार कमी झाला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. सरकारी नोकरी नाकारणारे कामगार अवघे २४ च्या आसपास होते.

याच सुमारास, २४ ऑक्टोबर १९५३ पासून, औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कपातीच्या नुकसानभरपाईचे नवे कलम लागू झाले होते. कामगारांनी त्या कलमाखाली भरपाई मागितली. त्यांचे म्हणणे सरळ होते : कंपनीने आम्हाला काढले, म्हणजे कपात केली, सरकारने घेतले ही वेगळी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयात कामगारांच्या बाजूने निकाल लागला. परंतु २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चालू असलेल्या उद्योगात जादा झालेल्या कामगारांना काढणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा त्याची मालकी बदलली तर त्याला कपात म्हणता येणार नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. भरपाई नाकारली गेली.

हा निकाल देशभरातील कामगारांना चटका लावणारा होता. कारण त्याचा अर्थ असा होता की मालकाने कारखाना विकला, तर वीस वर्षे राबलेल्या माणसाला भरपाईचा हक्कच नाही. म्हणून १९५७ साली आधी अध्यादेश काढून आणि नंतर कायदा करून दोन नवी कलमे घालण्यात आली. एक मालकी हस्तांतराबद्दल, दुसरे उद्योग बंद होण्याबद्दल. ही दुरुस्ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून लागू धरण्यात आली. बार्शीच्या कामगारांच्या लढ्यातून सर्वांना हक्क मिळाला; त्यांना स्वतःला मात्र तो मिळाला नाही. इतिहासात असे पुष्कळदा घडते. ज्यांनी झाड लावले त्यांना फळ मिळत नाही. पण निदान त्या झाडाची ओळख तरी आपण ठेवावी.

तीन कसोट्या

मालकी बदलली तर कामगारांना कपात झाल्याप्रमाणेच भरपाई द्यावी लागेल, असे १९५७ च्या दुरुस्तीने ठरवले. मात्र तीन गोष्टी एकत्र पूर्ण झाल्या तर भरपाई द्यावी लागणार नाही :

१. हस्तांतरामुळे कामगाराच्या सेवेत खंड पडलेला नसावा.
२. हस्तांतरानंतरच्या सेवेच्या अटी पूर्वीपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी फायद्याच्या नसाव्यात.
३. पुढे कपात झाली तर जुनी सेवा धरून भरपाई देण्यास नवा मालक कायद्याने बांधलेला असावा.

तीनपैकी एक जरी कसोटी उतरली नाही, तरी जुन्या मालकावरची भरपाईची जबाबदारी कायम राहते. आमच्या परिचयाच्या दुसऱ्या मित्राने विचारलेले तीन प्रश्न ते हेच. आणि बार्शीच्या कामगारांना हीच कसोटी १९५४ साली उपलब्ध असती, तर खालच्या श्रेणीत गेलेल्या २३ टक्के कामगारांची बाजू किती भक्कम झाली असती, हे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणूस म्हणजे यंत्रसामग्री नव्हे. कारखान्याबरोबर लेथ मशीन विकता येते, कामगार विकता येत नाही. इंग्लंडमध्ये १९४० साली एका खाणकामगाराच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की कंपन्या विलीन झाल्या म्हणून नोकरीचा करार कामगाराच्या संमतीवाचून नव्या मालकाकडे जात नाही. आपल्याकडेही १९८९ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या इंफाळ येथील केंद्राबाबत असाच प्रश्न आला. ते केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे सोपवले गेले होते. केंद्र सोपवले म्हणून तेथील अध्यापकाला त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या विद्यापीठाचा नोकर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

आजचा कायदा कोणता?

विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण जुन्या पुस्तकांतून अजून जुनाच कायदा वाचायला मिळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० या कायद्याने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. जुन्या कायद्यातील बहुतेक तत्त्वे तिच्यात कायम आहेत, वरील तीन कसोट्याही (कलम ७३) जशाच्या तशा आहेत. काही गोष्टी मात्र बदलल्या. मुख्य तरतुदी अशा :

एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे, तसेच सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेल्या उरलेल्या भागामागे, १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून कपातीच्या वेळीच द्यावे लागते. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले म्हणजे एक वर्ष सलग सेवा धरली जाते.

त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जाईल, हा साधारण नियम आहे. तो मोडायचा तर मालकाने कारण नोंदवले पाहिजे. कपातीनंतर एक वर्षाच्या आत मालकाने पुन्हा भरती केली, तर काढलेल्या कामगारांना प्राधान्य मिळते.

३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतील कामगारांवरचे हे एक छत्र गेले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याबदल्यात एक नवी गोष्ट आली : कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची.

हे हक्क ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहेत. हाताचे काम, तांत्रिक काम, कारकुनी काम करणारे त्यात येतात. व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत, आणि देखरेखीचे काम करून दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही येत नाहीत. येथे हिंजवडीला जाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांसाठी एक सूचना. पत्रावर ‘मॅनेजर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे नाव छापले म्हणून कोणी कामगार नाही असे ठरत नाही. न्यायालय हुद्द्याचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते पाहते. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मोठ्या कंपनीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर, कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा प्रश्न घराघरांत पोहोचला. संगणकापुढे बसणाऱ्याला कामगार कायदा लागत नाही, अशा समजुतीत आपल्या मुलांनी राहू नये.

पर्यायी कामाचे चार प्रकार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कपात करण्यापूर्वी मालकाने दुसरे काम दिलेच पाहिजे, असे सरसकट बंधन आपल्या कायद्यात नाही. धंद्याची पुनर्रचना प्रामाणिकपणे करण्याचा मालकाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केला आहे. परंतु मालकाने दुसरे काम देऊ केले, तर ते कोणत्या प्रकारचे आहे यावर आपला हक्क अवलंबून असतो. सगळी पत्रे सारखीच दिसतात. म्हणून हे चार प्रकार नीट ओळखावेत.

पहिला प्रकार बदलीचा. मालक तोच, हुद्दा तोच, पगार तोच. फक्त ठिकाण किंवा विभाग वेगळा. आपल्या नेमणूक पत्रात किंवा कंपनीच्या स्थायी आदेशांत बदलीची अट असेल, तर अशी बदली नाकारणे धोक्याचे असते. नकार हे गैरवर्तन ठरू शकते, आणि गैरवर्तनासाठी काढलेल्यास कपातीची भरपाई मिळत नाही. अशा वेळी ‘हक्क राखून रुजू होत आहे’ असे लेखी कळवून रुजू व्हावे आणि मग दाद मागावी, हे शहाणपणाचे. मात्र बदलीच्या नावाखाली सूडबुद्धीने कोणाला हलवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत तिचा स्पष्ट उल्लेख आहे.

दुसरा प्रकार खालच्या कामाचा. मालक तोच, पण हुद्दा, श्रेणी किंवा पगार कमी. ही बदली नव्हे, हा सेवाशर्तींतील बदल आहे. वेतन, भत्ते, कामाचे तास, श्रेणी यांत बदल करायचा तर संहितेच्या कलम ४० प्रमाणे बाधित कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस उलटल्याशिवाय तो बदल करता येत नाही. असे काम आपण नाकारले आणि मालकाने त्यामुळे सेवा संपवली, तर ती शिक्षा नव्हे, कपातच होय. भरपाई पूर्ण मिळाली पाहिजे. खालचे काम नाकारले म्हणून भरपाई बुडते, ही भीती निराधार आहे.

तिसरा प्रकार दुसऱ्या मालकाकडे पाठवण्याचा. विलीनीकरण, विक्री, किंवा ठेकेदाराच्या नावावर काम. येथे वरील तीन कसोट्या लावायच्या. आमच्या बँक क्षेत्रात १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. शाखांच्या पाट्या बदलल्या, दोन शाखांची एक झाली, काउंटरवरची माणसे इकडची तिकडे गेली. पण कर्मचाऱ्यांची जुनी सेवा तुटली नाही. हे आपोआप घडले नाही. १९६६ पासून बँकांत संघटना आणि व्यवस्थापन यांचे द्विपक्षीय करार होत आले आहेत. १९८३ साली यंत्रे आणि संगणक येण्याचा प्रश्न निघाला, तेव्हाही करार झाला आणि खातेवही लिहिणाऱ्या हातांना नवे काम शिकवले गेले. लेजरवर आयुष्य काढलेले आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्तीपर्यंत संगणकावर काम करीत होते. बदल थोपवता येत नाही, पण बदलाच्या अटी ठरवता येतात. त्यासाठी संघटना लागते.

चौथा प्रकार तात्पुरत्या ले-ऑफचा. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बिघडली म्हणून काही दिवस काम नसते. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात त्या काळात मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. येथे मात्र पर्यायी काम नाकारले तर भरपाई बुडते. पण त्यालाही अटी आहेत : ते काम त्याच मालकाचे असावे, त्याच आस्थापनेत, त्याच गावात किंवा आठ किलोमीटरच्या आत असावे, त्यासाठी खास कौशल्य किंवा पूर्वानुभव लागणारे नसावे, आणि नेहमीचे वेतन मिळणारे असावे. घोटाळा होतो तो येथेच. ‘दुसरे काम नाकारले तर काही मिळत नाही’ हा ले-ऑफचा नियम कोणीतरी कायमच्या कपातीला लावून सांगतो आणि कामगार घाबरून सही करतो.

इंग्लंडमध्ये याबाबतीत जरा वेगळी व्यवस्था आहे. तेथे योग्य असे पर्यायी काम विनाकारण नाकारल्यास कपातीची भरपाई जाते. परंतु वेगळ्या अटींचे नवे काम चार आठवडे करून पाहण्याचा हक्क कामगाराला असतो. जमले नाही तर सयुक्तिक कारणाने सोडून भरपाई घेता येते. आपल्या कायद्यात असा चाचणीचा काळ नाही. म्हणूनच आपल्याकडे रुजू होण्यापूर्वीच सारे लेखी घेणे अधिक गरजेचे.

हिशेब पाहू

बँकेतल्या माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. समजा, एका कामगाराचे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मासिक वेतन २०,००० रुपये आहे आणि सेवा १२ वर्षे ७ महिने झाली आहे. सात महिने हे सहा महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून १३ वर्षे धरायची. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात त्याची कपात झाली तर :

नोटिशीचा एक महिन्याचा पगार : २०,००० रुपये
कपातीची भरपाई, अर्धा महिना गुणिले १३ : १,३०,००० रुपये
पुनर्कौशल्य निधीतून, अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने : सुमारे १०,००० रुपये
ग्रॅच्युइटी, २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १३ : १,५०,००० रुपये
एकूण : सुमारे ३,१०,००० रुपये

प्रॉव्हिडंट फंड आणि शिल्लक रजेचा पगार वेगळा. आता याच माणसाने राजीनाम्यावर सही केली तर? ग्रॅच्युइटीचे १,५०,००० रुपये मिळतील, कारण पाच वर्षांच्या सेवेनंतर तो हक्क राजीनाम्यानेही जात नाही. बाकीचे सुमारे १,६०,००० रुपये गेले. ‘केवळ कागदोपत्री’ असलेल्या त्या सहीची किंमत एवढी आहे! मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी, घराच्या कर्जाचे हप्ते, नवे काम मिळेपर्यंतचा किराणा, हे सारे त्या रकमेत असते.

स्वेच्छानिवृत्तीचेही तसेच. कायद्याने स्वेच्छानिवृत्ती ही कपात नव्हे, म्हणून तिथे योजनेत लिहिलेली रक्कम तेवढीच मिळते. ती चांगली असू शकते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी अशा योजनेतून बाहेर पडले. त्यांना सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांपैकी कमी असेल ती रक्कम देऊ केली होती. देऊ केलेली रक्कम कायद्याच्या रकमेपेक्षा किती जास्त आहे, हा हिशेब मांडल्यावाचून अर्ज भरू नये.

पत्र हाती आल्यावर काय करावे?

पत्र घ्यावे, घेण्याचे टाळू नये. ‘मिळाले’ एवढेच लिहून तारीख घालावी. ‘मान्य आहे’ असे लिहू नये. कोरा कागद, इंग्रजीतील न समजलेला मजकूर किंवा राजीनामा यांवर त्याच दिवशी सही करू नये. घरी आणून घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे.

नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, पी.एफ.चा उतारा आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवावे. सलग सेवा सिद्ध करण्याची वेळ आली तर हीच पिशवी कामी येते. पासबुकात पगाराची नोंद कोणत्या कंपनीच्या नावाने येते तेही पाहावे. पुष्कळदा मालक बदलल्याचे तिथेच प्रथम कळते.

उत्तर लेखीच द्यावे. त्यात तीन प्रश्न विचारावेत : सेवा सलग राहील काय, अटी कमी होणार नाहीत ना, आणि पुढील कपातीत जुनी सेवा धरली जाईल काय. उत्तराच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. कोणी शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी.

युनियन असेल तर तिच्याकडे जावे. नसेल तर एकाच विभागातील सर्वांनी मिळून एकच पत्र द्यावे. दाद मागायची तर प्रथम पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे ४५ दिवसांत समेट झाला नाही तर कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. सेवा संपल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘बघू, साहेब काहीतरी करतील’ म्हणत ही मुदत घालवू नये. बँकांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांसाठी केंद्र सरकारचे कामगार अधिकारी आहेत.

वकिलाच्या फीची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो.

शेवटी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान योग्यच आहे. पण कामगारांसाठी झालेले कायदे आपल्या घरातल्या माणसाच्या हाती पत्र पडल्यावर उपयोगी पडले नाहीत, तर तो अभिमान अपुरा राहील.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या संस्थेत दर महिन्याला सभा होते. त्या सभेला जोडून एक तास ‘कागद वाचन’ ठेवावे. ज्याला नोकरीचे काही पत्र आले असेल त्याने ते घेऊन यावे, आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते सर्वांसमोर सोप्या मराठीत समजावून सांगावे. विद्यार्थ्यांचा अभ्यास होईल, सभासदांचे नुकसान टळेल. आम्ही स्वतः त्या तासाला हिशेबाची वही घेऊन हजर राहू.

ज्या मित्राने सही केली नाही, तो आजही कामावर आहे. ज्याने केली, तो आता मिळेल ते काम करतो. गेल्या महिन्यात तो बँकेत भेटला तेव्हा म्हणाला, ‘त्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते.’ हा लेख त्या वाक्यासाठी लिहिला आहे.